अशिलाला कोणी विचारलेच नाही

ती. ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पोचले. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून बरे वाटले. तुझ्या रक्तदाबाविषयी मात्र तू एक अक्षर लिहिलेले नाहीस. माहिती कशी दडवतात हे शिकवण्यावरच माझे पोट चालते, तेव्हा हा डाव माझ्याशी खेळू नकोस. माझी प्रकृती उत्तम. (एकट्या माणसाची प्रकृती उत्तमच असते, बिघडली तर सांगणार कोणाला?) पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस, "सुट्टीत जमले तर ये." हे वाक्य मी बरेच दिवस उलटसुलट तपासतो आहे. ताई, याला प्रस्ताव म्हणत नाहीत. प्रस्तावात तारीख लागते, मुदत लागते. 'जमले तर' म्हणजे सगळा भार माझ्यावर आणि तू मोकळी. दरवर्षी तू हेच लिहितेस, दरवर्षी मी "बघतो" म्हणून कळवतो, आणि सुट्टी कपाट आवरण्यात घालवतो. यंदा काय उत्तर द्यावे या विचारात असतानाच वर्गात एक प्रकार घडला. तो क्रमाने सांगतो.

वकिलीच्या शेवटच्या वर्षाला मी दोन देशांतल्या कंपन्यांनी आपसात व्यवहार कसा ठरवावा, हे शिकवतो. (तू जांभई देते आहेस हे मला इथून दिसते; एवढा परिच्छेद सोस.) लोकांना वाटते, सगळा खेळ किमतीचा. किंमत हा त्यातला सर्वांत सोपा भाग! माल वाटेत बुडाला तर तो कोणाचा बुडाला, पैसे कोणत्या चलनात मोजायचे, भांडण झालेच तर कोणत्या देशात जाऊन भांडायचे, खरी बहार इथे आहे. ती नुसत्या पुस्तकातून कळत नाही, म्हणून मी वर्गाचे दोन गट केले. एक गट पाण्याचे पंप बनवणाऱ्याचा वकील, दुसरा समुद्रापलीकडच्या खरेदीदाराचा. पंपवाला अशील मी स्वतः झालो. नियम एकच, पण तो या विद्येचा प्राण आहे: अशिलाला विचारल्यावाचून वकिलाने कशालाही होकार द्यायचा नाही.

अशिलाला बसायला खोली हवी. वर्गाला लागून मोडक्या खुर्च्यांची एक खोली आहे, तीच काय ती रिकामी मिळाली. मी कोट घातला, त्यातल्या त्यात चारही पाय शाबूत असलेली खुर्ची शोधली, सल्ल्याला येणाऱ्यांसाठी बशीत बिस्किटे मांडली आणि कोणत्या अटीवर भडकायचे, कोणत्या अटीवर आढेवेढे घेऊन शेवटी मान डोलवायची, याची मनाशी उजळणी केली. (आढेवेढे मला उपजतच जमतात, हे तुला सांगायला नको.) भिंतीपलीकडे आधी वाद ऐकू आला, मग मोठा वाद, मग हशा. हशा ऐकून मला वाटले, आता येतील. कोणी आले नाही. पुढे टाळ्याही झाल्या. मी एक बिस्कीट खाल्ले आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून उरलेली सारखी करून ठेवली. बऱ्याच वेळाने दार वाजले, म्हणून मी चेहरा कठोर केला. तर आमचा शिपाई. "सर, तुम्ही इथं काय करताय? पोरं केव्हाच गेली." मी म्हणालो, "मी अशील आहे." तो म्हणाला, "असाल हो, पण मला कुलूप लावायचंय."

दुसऱ्या दिवशी करार वाचला. ताई, काय देखणा करार होता! एक कलम ढिले नाही. पंपवाला आणि खरेदीदार यांची भागीदारी ठरली होती. वाद झाल्यास दोघांनीही कधी न पाहिलेल्या तिसऱ्या देशात भांडायचे होते (तिथली हवा छान आहे म्हणे). आणि अशिलाला, म्हणजे मला, 'मानद सल्लागार' नेमले होते, गरज भासल्यास बोलवायला. मला का विचारले नाही, असे मी विचारले. वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे 'कलमबाई' म्हणतात. ती उभी राहिली. "सर, खरं सांगू? रंगात आलो आणि तुम्ही आहात हे विसरूनच गेलो. पण भिंत तर एवढीशी! तुम्ही हाक का नाही मारलीत?" मी समजावले की अशिलाने हाक मारायची नसते, ज्याची गरज मोठी तो आधी बोलतो, आणि आधी बोलला तो हरला. "हो सर," ती म्हणाली, "पण गप्प बसून तुम्ही जिंकलात कुठे?" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. गुण सगळ्यांना भरभरून दिले, फक्त अशिलाला विसरल्याबद्दल एकेक कापला.

असो. सुट्टीचे म्हणशील, तर बघतो. कामे बरीच आहेत. भाऊजींना नमस्कार. त्यांना जिना सावकाश चढायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचा 'बघतो' खोडला आहे असे समजून वाचावे. मला यायचे आहे. अटी तीनच: मला स्वतंत्र खोली मिळावी, भाऊजींनी जेवताना माझ्या एकटे राहण्याचा विषय काढू नये, सकाळी मला कोणी लवकर उठवू नये.

पुन्हा ता. क. खोलीची अट मागे घेतो. बाहेरच्या कोचावर झोपेन, तिथे तुमचे स्वयंपाकघरातले बोलणे ऐकू येते. विषय काढला तरी हरकत नाही. आणि उठवा लवकर.

आणखी एक. हे पत्र टाकायला निघालो तो वाटेत तिकीट काढून आलो. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी येतो. परतीचे तिकीट काढलेले नाही. ते कधीचे काढायचे हे तूच सांग. तू म्हणशील त्या मुदतीवर मी घासाघीस करणार नाही.