पाठ टेकल्यावर

अण्णा,

काल दुपारी अंगणात मी माझ्याच पोरीच्या अंगावर धावून गेले. शेजारीण भिंतीवरून डोकावली, तिला वाटलं मायलेकींचं जुंपलं. भांडण नव्हतं. सोमवारपासून पोरगी कॉलेजसाठी जालन्याला जाणार, स्कूटीवर, एमआयडीसीच्या मागच्या त्याच रस्त्याने, जिथे गेल्या उन्हाळ्यात माझी भुवई फुटली. म्हणून तुम्ही मला शिकवलेलं, आणि मी तिला शिकवलेलं, एक काम मी तिला विसरायला लावत होते. तुम्ही असता तर दारातूनच खाकरला असता आणि मी गप्प झाले असते.

धावडा गावातली आपली तालीम डोळ्यांसमोर येते. पत्र्याखालची लाल माती, तिच्यात तुम्ही ओतलेलं ताक आणि तेल, आणि तो आंबूस वास जो माझ्या वेण्यांतून शाळेपर्यंत यायचा. चुलतभावाला मी पहिल्यांदा चीत केलं तो दिवस. आनंदाच्या भरात मी त्याच्या छातीवर बसून बुक्क्या घालत राहिले आहे. तुम्ही लंगडत आत येता, माझी वेणी धरता आणि आवाज न चढवता विचारता, "पाठ टेकली ना त्याची? मंग आता कोणाशी लढून राह्यली?" मी रडवेली होऊन म्हणते, "त्यानं मला रोज पाडलं, अण्णा." "पाडलं, पण उठवलं बी त्यानंच. हात दे त्याला. अन् पाठीची माती तूच झाड." मी झाडली, जरा जोरातच झाडली. पण त्यानंतर कधी चुकले नाही. समोरच्याची पाठ टेकली की माझे हात आपोआप सुटायचे. तुम्ही ते बघून मिशीवरून हात फिरवायचा, आणि मला तेवढं पुरायचं.

गेल्या उन्हाळ्यात बियाण्याच्या कंपनीतून सुटून घरी निघाले होते. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोटारसायकलवर दोघे आले, आडवे झाले. एक गाडीवरच बसून राहिला, दुसऱ्याने उतरून माझ्या गळ्यातल्या मण्यांना हात घातला. अंगाला कुठे विसर पडतो अण्णा, एवढ्या वर्षांनी, दोन बाळंतपणांनंतरही मी खाली बसले, त्याच्या दोन्ही पायांना मिठी घालून पट काढला आणि उचलून आपटला. पाठ सपशेल टेकली. तुम्ही सुद्धा नाव ठेवलं नसतं. आणि मग मी हात सोडले. नुसते सोडले नाहीत, एक पाऊल मागे सरून उभी राहिले, जणू आता कोणीतरी शिट्टी फुंकणार होतं. तो दगड घेऊनच उठला.

पुढचं मी गावात कोणाला सांगितलेलं नाही. डोळ्यात रक्त उतरलं, मी खाली पडले, आणि हाताला लागली तेवढी माती त्याच्या डोळ्यांत फेकली. मग त्याच्या पंजाला असा चावा घेतला की तोंडात तंबाखूची चव आली. तो किंचाळला, साथीदाराने गाडी चालू केली, दोघे पळाले. गावात मात्र म्हणतात, "पहिलवानाची लेक ती! पटात घेऊन आपटला!" मी मान हलवते. चाव्याचं कोण कौतुक करतं?

टाके पडेपर्यंत माय उशाशी बसली होती. मी हात सोडल्याचं फक्त तिला सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "बापावर गेली तू. त्यायचा गुडघा काय कुस्तीत गेल्ता व्हय? अंबडच्या बाजारात मेंढरांवरून एकाशी जुंपली. त्याला उताणा पाडला, अन् मंग उठवायला हात दिला. त्यानं उठता उठता दांडा घातला गुडघ्यावर."

"मंग आम्हाला कुस्तीत गेला म्हणून का सांगितलं?"

"मंग काय सांगणार लोकायला? पडलेल्यानं मारलं म्हणून?"

मला तुमचा फार राग आला, अण्णा. मी तालमीत उतरले तेव्हा तुम्ही लंगडतच होता. म्हणजे हात सोडल्यावर काय होतं हे तुम्हाला बरोबर माहीत होतं, आणि तरी तुम्ही मला तेच शिकवलंत. तालमीत उतरणारा आधी मातीला हात लावतो, म्हणजे नियम कबूल करतो. रस्त्यावरच्या त्या माणसाने काय कबूल केलं होतं? मग ते मी एकटीने का पाळायचं? तुम्ही काय उत्तर दिलं असतं याचा खूप विचार केला. कधी वाटतं, आपल्या हाताला थांबता आलं पाहिजे एवढंच तुम्हाला म्हणायचं असेल. कधी वाटतं, तुम्हालाही दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून पोरीला बजावलं. कोणी गळ्याला, पिशवीला हात घातला तर देऊन टाकायचं आणि पळायचं. पळता आलं नाही तर माती, दात, नखं, जे जमेल ते. पाडलंस तर थांबायचं नाही, स्कूटी चालू करून निघायचं.

"अन् आबांचं?" तुमच्या नातीने विचारलं.

"आबांचं कुस्तीच्या मॅटवर. रस्त्यावर माझं."

मग मी तिच्यावर धावून गेले. तिने मला अलगद उचललं आणि अंगणात उताणी पाडली. चांगली पाडली. मी पडल्या पडल्या तिच्या पळण्याची वाट बघत होते, तर तिने हात पुढे केला. "लागलं का गं, मम्मी?" म्हणत मला उठवलं आणि माझ्या पाठीची धूळ झाडायला लागली. ती शिकली मॅटवर, तिथे माती नसते. पाठ झाडायचं मी तिला कधी शिकवल्याचं आठवत नाही.

मी ओरडले, "असं रस्त्यावर केलंस तर मरशील!" ती हसत होती. आज पुन्हा तेच करून घेणार आहे, सोमवारपर्यंत रोज करून घेणार आहे. पडलेल्यापुढे तिचा हात बंद राहायला शिकला पाहिजे.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून लिहिते. ती माझी पाठ झाडत होती तेव्हा मला भीती वाटली, पण ती नंतर. आधी आनंद झाला.