श्वासावर तोडलेला शब्द

एडिंबरो,
९ मार्च १९१०

प्रिय टिबी,

पर्थला मावशीकडे सुखरूप पोचलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. खोकला कसा आहे? शनिवारी छापखान्यात तुला खोकताना कुणी ऐकलं नव्हतं. पण आजार काय, सांगून थोडाच येतो!

इकडे धुकं हटायचं नाव घेत नाही. माझी धाकटी बहीण मॅरियन तुझी आठवण काढते. पुढच्या महिन्यात ती आपल्याकडे छपाईचे खिळे जुळवायला शिकायला येणार, म्हणून आतापासून स्वयंपाकघरात वाटाणे उचलून बोटांना सवय लावते. येणार होती, म्हणू का? मालकांनी पुरुष कामगारांचं ऐकलं तर नव्या मुली घेणंच बंद होईल.

आता छापखान्यात वाटलेल्या त्या पत्रकाविषयी. 'मुलींनी चूल सांभाळावी, खिळे आम्ही सांभाळू.' खाली ना नाव, ना गाव. लीथ वॉकवरून घरी येताना मी तुला म्हटलं होतं, हे पुरुषाच्या हातचं काम नाही. ओळीत जागा संपली की आपल्याकडचे पुरुष शब्दाचं लॅटिन मूळ बघून 'प्रोग्रेस' हा शब्द 'प्रो-ग्रेस' असा तोडतात. यात 'प्रॉग-रेस' तोडलाय. "पोरींनो, लॅटिन गेलं खड्ड्यात! तोंडानं म्हणा, आणि श्वास मोडेल तिथं शब्द मोडा," असं बजावत आपल्याला काम शिकवणाऱ्या गिलख्रिस्टबाई बोटांवर पट्टी मारायच्या. बाई गेल्या. त्यांच्या हाताखालच्या आता तू आणि मी, दोघीच उरलोय.

तू हसलीस. म्हणालीस, "चल गं, तुला धुक्यात भुतंच दिसतात." मीही हसले. तुझ्यावर संशय घ्यायचा, हे माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

सोमवारी पत्रक पुन्हा छापून आलं. मजकूर तोच, काना-मात्रेचा फरक नाही. फक्त तो एक शब्द आता 'प्रो-ग्रेस' असा तोडलेला. टिबी, त्याबद्दल मी तुझ्याशिवाय कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. आणि सोमवारीच तू पर्थची गाडी धरलीस.

पहिलं पत्रक आपल्यातल्या बेलनं जपून ठेवलं होतं; दुसरं शेजारी ठेवल्यावर तिलाही तो फरक दिसला. काल तिनं ते सगळ्यांदेखत माझ्यापुढे आपटलं. "शब्द असा तोडायचं हे तुमच्या बाईंचं वळण ना गं? टिबी बिचारी अंथरुणाला खिळलीय. मग घरभेदी कोण, मांजर?" कुणी हसलं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसलंही नाही. तरी मी तुझं नाव घेतलं नाही. का, ते मला विचारू नकोस. रात्रभर तुला शिव्या घातल्यात.

आर्चीनं गळ घातली असेल. तो पुरुषांच्या संघटनेचा चिटणीस, आणि तुझा होणारा नवरा. लग्नानंतर तुला काम सोडायचंच आहे, तेव्हा तुझं काय जातंय? जातंय ते मॅरियनचं. ती अजून वाटाणे उचलतेय.

शनिवारी आम्हा बायकांची सभा आहे. ये, आणि तुझ्या तोंडानं सांग. माझा संशय खोटा असेल तर तेही येऊन सांग. मी सगळ्यांसमोर तुझे पाय धरीन.

लग्नासाठी मुलगी छापखाना सोडते तेव्हा आपण सगळ्या खिळे आवळायच्या लोखंडी चौकटी हातोडीनं बडवत तिला दारापर्यंत पोचवतो. तुझ्या वेळी सगळ्यांत जोरात मीच बडवायचं, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. शनिवारी आली नाहीस, तर तुझ्या निरोपाच्या दिवशी मी हातोडी उचलणार नाही. माझं पाहून बाकीच्याही उचलणार नाहीत.

तुझी वाट बघणारी, आणि ती बघावी लागतेय म्हणून तुझ्यावर चिडलेली,
ग्रिझेल