बिनतुपाचे लाडू

सरळगाव, ता. मुरबाड
५ डिसेंबर २०२४

ती. आईस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोन का नाय केला म्हणून रागावशील. तुला ऐकू येत नाय, मला ओरडावं लागतं, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाय. म्हणून देवजीदादाच्या भाजीच्या टेम्पोतून हे पत्र पाठवतेय.

भाविकच्या शीमधून रक्ताच्या बारीक रेघा येतात. गालांवर पुरळ आलंय. दूध प्यायला की पाय पोटाशी घेऊन कळवळतो. मुरबाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझं दूध चांगलंच आहे, पण तू जे दूधदुभतं खातेस त्याचा अंश त्यात उतरतो आणि बाळाच्या आतड्याला तो सोसत नाय. दूध, दही, ताक, लोणी, तूप, बिस्कीटसुद्धा बंद. अंगावर पाजणं मात्र चालूच ठेवायचं. पंधरवड्यानं पुन्हा बोलावलंय. तोवर रक्त थांबलं नाय तर माझं दूध बंद करून त्याला औषधी डब्याच्या दुधावर ठेवून बघायचं म्हणतात.

आई, तो अंगावर असतो तेवढाच वेळ या घरात कोणीतरी माझं असतं. हे भिवंडीच्या गोदामात कामाला, रविवारी येतात आणि झोपतात. सासूबाई म्हणतात, आमी तूप खाऊनच पोरं वाढवली, हिच्या दुधातच खोट आहे. शेजारणींनाही तेच सांगतात. मी माझा भात वेगळ्या टोपात शिजवते आणि एकटी बसून जेवते. तुझा पाय मोडला नसता तर मी आज किन्हवलीला तुझ्या घरात बाळंतीण असते.

तुझ्या हातचं बिनतुपाचं काहीतरी पाठव गो. इथलं काही घशाखाली उतरत नाय.

प्लास्टरला पाणी लागू देऊ नकोस. लोभ आहेच, तो थोडा जास्तीचा पाठव.

तुझी,
दामू


किन्हवली
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. दामिनीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चुलीपाशी रडत बसले. मग म्हटलं, बये, रडून काय शिजतंय का? लगेच शेजारच्या भागीला हाक मारली.

नागलीचे लाडू पाठवतेय. भागीनं पीठ तिळाच्या तेलात भाजलं. गूळ, खोबरं, तीळ घातलेत. कढईत तुपाचा थेंब पडू दिला नाय, मी समोर बसून होते. वळले मात्र मीच, पाय पसरून. मेले वळता वळत नव्हते, मुठीत फुटत होते. पण मी सोडते व्हय! एकेक गोल करूनच उठले. म्हणजे भागीनं उठवलं.

दूध नको म्हणे दुधाच्या पोराला! काय एकेक दुखणं निघतंय. पण डॉक्टरीणबाई शिकलेली आहे, सांगते तसं कर. तू लहानपणी इतकी रडायचीस की आळीतली कुत्री पळून जायची, तुझं पोर काय गप्प बसणार आहे? विहीणबाईंना उलट बोलू नको. नातवात त्यांचा पण जीव आहे.

माझं बरं आहे. घरात कोण नाय, त्यामुळं भांडी कमी घासावी लागतात. बोलायला कोण नाय, त्यामुळं बहिरेपणाची अडचण नाय.

रोज सकाळी दोन लाडू खा, आणि खाताना मला आठव.

तुझी,
आई


सरळगाव
१६ डिसेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

डबा उघडला आणि घर आलं गो माझ्याकडे. दोन कसले, चार चार खाल्ले. डबा मी माझ्या उशाशी ठेवलाय.

पण आई, रक्त थांबत नाय. मधे कमी झालं होतं, चार दिवसांपासून पुन्हा आलं, आधीपेक्षा जास्त. पुरळ मानेवर उतरलंय.

काल सासूबाई माझ्या टोपापाशी उभ्या दिसल्या, हातात तुपाची पळी. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या बायका ओटीवर बसलेल्या असताना मी ओरडले, तुमीच माझ्या भातात चोरून तूप घालता, माझ्या पोराला तुमीच आजारी पाडता. त्यांनी पळी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन बसल्या. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नायत. हे फोनवर म्हणाले, तू माझ्या आईची लाज काढलीस. आता घरात माझ्याशी कोणीच बोलत नाय.

शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय. त्या माझं दूध बंद करतील. मला आत्तापासूनच त्याच्या तोंडाकडे बघवत नाय. आता मी मीठभात आणि तुझे लाडू, एवढंच खाते. दुसऱ्या कोणाच्या हातचं काही खायचं नाय असं ठरवलंय.

लाडू संपत आलेत. जमलं तर अजून पाठव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
दामू


किन्हवली
१८ डिसेंबर २०२४

दामू,

ते लाडू खाऊ नको. आहे तो लाडू हातातून खाली ठेव आणि मग पुढं वाच.

आज दुसरा घाणा करायला बसले. भागीनं पीठ भाजून पुढं ठेवलं, आणि वळायला घेतले तर माझा हात आपोआप तुपाच्या वाटीत गेला. भागी म्हणाली, काकू, हे काय? मी वाटीकडे बघतच राहिले. अगो, लाडू वळताना हाताला तूप लावायचं, हे मी कोणाला विचारून करत नाय. माझी आई लावायची, मी लावते. मागल्या खेपेला मी वळत होते तेव्हा भागी घरी गेलेली, आणि ते फुटत होते म्हणून दर लाडवाला बोटं बुडवली. वाटी रिकामी झाली होती. कढईत तूप नाय म्हणून मी मिरवत बसले, आणि सगळं तूप माझ्या हातानं गेलं.

माझ्या नातवाचं रक्त माझ्या हातानं काढलं गो मी.

विहीणबाईंच्या पाया पड. बायकांसमोर बोललीस ना, तर बायकांसमोरच पड. आणि डॉक्टरीणबाईला हे सगळं सांग, त्याशिवाय दूध बंद करू नको. देवजी आज भाजी न घेता फक्त हे पत्र घेऊन येतोय. मी त्याच्या हातापाया पडले.

आशीर्वाद द्यायला आज तोंड नाय.

आई


सरळगाव
१२ जानेवारी २०२५

ती. आईस,
दामिनीचा आणि भाविकचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडून सांगितलं ते तुला ऐकू आलं की नाय, कोण जाणे. म्हणून पुन्हा लिहितेय. रक्त थांबलं. पुरळ गेलं. तो आता पिऊन झाल्यावर हसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्या तुपात दुधाचा अंश राहतोच, पुष्कळ घरांत असं होतं. त्यांनी मला अजून मुदत दिली. माझं दूध चालू आहे आई. एवढंच वाचलंस तरी चालेल.

मी सासूबाईंच्या पाया पडले, बायकांसमोर. त्या म्हणाल्या, ऊठ, पोर रडतंय. ती पळी त्यांनी त्यांच्याच ताटासाठी घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन चुलीपाशी आल्या. नागलीचे लाडू वळले, आणि प्रत्येक लाडवाआधी हात कोमट पाण्यात बुडवून मला दाखवले. अजूनही कामापुरतंच बोलतात. मी ते लाडू खाते. बरे लागतात.

तुझा डबा परत पाठवतेय. झाकणाच्या खोबणीत तूप राहिलं असेल म्हणून तो राखेनं घासला, कढत पाण्यानं धुतला, उन्हात ठेवला. आई, मी तो मुद्दाम शेवटी धुतला. त्याला तुझ्या हाताचा वास होता. रोज उघडून नुसता वास घ्यायचे. आता कसलाच वास येत नाय.

नातवाचं रक्त मी काढलं असं तू पत्रात लिहिलंस, ते पुन्हा लिहू नकोस. मी मागितलं म्हणून तू केलंस.

डबा भरून पाठवू नकोस. पुढच्या महिन्यात प्लास्टर निघेल. देवजीदादाला मी सांगून ठेवलंय, टेम्पोत पुढची जागा तुझी. रिकाम्या हातानं ये.

वाट बघणारी,
दामू