मान ताठ ठेवणारी खुर्ची

३ ऑगस्ट २०२४, शनिवार. सकाळी ११
खुर्ची आली. हैदराबादहून, टेम्पोने, गोधडीत गुंडाळून. अस्सल चिनी, दीडशे वर्षं जुनी. गडद लाकूड, एकही खिळा नाही, उंच पाठ, पाठीवर कोरलेले ढग. दुकानदार म्हणाला, तिकडे असल्या खुर्चीत घरातला कर्ता पुरुष बसायचा. भांड्याचं दुकान आहे म्हणून माणसाने जन्मभर स्टीलच्या स्टुलावर बसावं असं कुठे लिहिलंय?

संकल्प : रोज सकाळी अर्धा तास खुर्चीत. पेपर, शांत मन, बीपी खाली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलेली अँजिओग्राफी खुर्चीचा परिणाम बघून ठरवू. मी घाबरत नाही. फक्त घाई करत नाही.

मंजुश्रीने विचारलं की, जिना चढताना छातीत दुखतं ते आता खुर्चीला दाखवणार का. बायकोला कलेतलं काही कळत नाही.

४ ऑगस्ट, रविवार
पॉलिशचा वास. बसलो नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार
बसलो. साडेचार मिनिटं. पाठ फारच सरळ आहे. पण छातीत अजिबात दुखलं नाही. (आज जिना चढलोच नाही.)

९ ऑगस्ट, शुक्रवार. दुपार
समोरचे गुरुपादप्पा गेले. सत्त्याऐंशी वय. गल्लीत कुणाकडेही असं काही झालं की शिवप्पा पहिला धावतो. तो वर आला आणि हळूच म्हणाला, "मल्लिनाथअप्पा, तुमची ती उंच पाठीची खुर्ची द्या की जरा. प्लास्टिकच्या खुर्चीत मान ठरंना गेलीय त्यांची."

हैदराबादच्या दुकानदाराला काय माहीत, की आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. बसवतात, आणि बसवूनच नेतात. पण मला तर माहीत होतं. पन्नास वेळा खांदा दिलाय. खुर्ची घेताना हे डोक्यात कसं आलं नाही?

नाही म्हणता येईना. दिली.

संध्याकाळी ७
खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधून थेट रुद्रभूमीपर्यंत नेलं. गुरुपादप्पा जिवंतपणी कधी इतके रुबाबदार दिसले नव्हते. सगळे खुर्चीचं कौतुक करत होते. मला अभिमान वाटला. मग जरा कट्ट्यावर बसलो. ऊन फार होतं.

१० ऑगस्ट, शनिवार
खुर्ची धुऊन परत आली. लाकूड म्हणजे लाकूड. मी बी.कॉम. आहे, असल्या गोष्टी मानत नाही. ओली आहे म्हणून बसलो नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार
ओली.

१५ ऑगस्ट, गुरुवार
जुनं लाकूड आतून ओलं राहतं. मंजुश्री म्हणाली की, एवढ्या दिवसांत साबुदाण्याच्या चकल्या तीनदा वाळल्या असत्या. खुर्चीवर चादर टाकली. धूळ बसू नये म्हणून. चादर टाकल्यावर कुणीतरी बसल्यासारखं दिसतं, म्हणून काढली.

लातूरच्या टेस्टचं श्रावण संपल्यावर बघू. गर्दी असते.

१८ ऑगस्ट, रविवार
मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या काकू गेल्या. आता शिवप्पा विचारायलाही आला नाही, दोन माणसं पाठवली. खुर्ची परत करायला मात्र स्वतः आला. पाणी प्यायला, खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. म्हणाला, "अप्पा, तुमी लई बारीक झालाव."

यात काय वाईट आहे? काळजीने बोलला. पण एवढं सावकाश कशाला पाहायचं?

२१ ऑगस्ट, बुधवार
पक्का प्लॅन. सोमवारी मठातल्या महांतेश स्वामींना पाद्यपूजेला बोलवायचं आणि याच खुर्चीत बसवायचं. स्वामी बसले की खुर्ची शुद्ध. मग मी बसणार, आणि मंगळवारी ताठ मानेने लातूरला जाऊन टेस्ट करून येणार. अपॉइंटमेंट नंतर घेऊ.

२६ ऑगस्ट, सोमवार
स्वामी आले. खुर्ची पाहिली. म्हणाले, हीच का ती. मी म्हटलं, बसावं महाराज. ते म्हणाले की, त्यांच्या कमरेला चटईचीच सवय आहे. पूजा होईपर्यंत खुर्चीकडे पाठ करून बसले.

स्वामी घाबरले, मी नाही. फक्त त्या नादात प्रसादाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तीन वाट्या जास्त गेली. वर तूप.

२८ ऑगस्ट, बुधवार. लातूर, हॉस्पिटल
काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखी अवस्था नव्हती.

काल सकाळी दहाला छातीत कळ आली. घाम फुटला. मंजुश्रीने अँब्युलन्स बोलावली, पण गल्लीत ती शिरत नाही, चौकात थांबली. शिवप्पा म्हणाला, पायऱ्या उतरायच्या न्हाईत, एक पाऊलसुद्धा टाकायचं न्हाई. मजबूत हातांची खुर्ची घरात एकच. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांना वाटलं, झटका आला.

बांबू त्याच्याकडे तयारच होते.

चौघांनी उचललं. मी डोळे मिटून घेतले. खरं लिहितो, भीतीने मिटले. तीच खुर्ची, तेच चौघे, मी ताठ. गल्लीत कुठलासा रेडिओ बंद झाला. शटर अर्ध्यावर ओढल्याचे आवाज आले. भाजीवाल्या भामाबाईने माझ्या मांडीवर झेंडूची फुलं ठेवली. शिवप्पा ओरडत होता, "जित्ते हायत अजून, बाजूला व्हा." कोण ऐकतंय?

डोळे उघडायला हवे होते. पण भामाबाई रडत म्हणाली, "लई गुणी माणूस व्हता. भित्रा व्हता, एवढंच." बाजूचे दोघे-तिघे हो म्हणाले. त्यानंतर कुठल्या तोंडाने डोळे उघडायचे? अँब्युलन्सचं दार लागल्यावर उघडले. मंजुश्री माझा हात घट्ट धरून बसली होती. तिची बोटं गार पडली होती.

डॉक्टर म्हणाले, गॅसही असेल, हार्टही असेल, टेस्टशिवाय सांगता येणार नाही. उद्या सकाळी आठला. मंजुश्रीने विचारलं, भीती वाटते का. मी हो म्हटलं. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ती म्हणाली, मलाही.

संध्याकाळी ६
फोन उघडला. भांडी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर माझा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एकशे चौदा जणांनी हात जोडलेत. 'मी जिवंत आहे' असं टाइप केलं. मग उद्याची टेस्ट आठवली. पाठवलं नाही. लोकांना दोनदा त्रास कशाला.