तीन घरांचं वर्तुळ

८ जाने.
माझी किडनी ह्यांना चालत नाही. माझा रक्तगट बी, ह्यांचा ए. लग्नात पत्रिका मात्र अगदी छान जुळली होती म्हणे! परत येताना रिक्षात, अंबडच्या सिग्नलला हे म्हणतात, "चला, तुझी तरी शाबूत राहिली." असा राग आला! डॉ.ना वाटतं, उन्हाळ्याच्या आत काहीतरी व्हायला हवं. डायलिसिस ह्यांना झेपेनासं झालंय.

११ जाने.
हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी अदलाबदल सुचवली. माझी किडनी कुणा परक्याला, आणि परक्याच्या घरची ह्यांना. मान डोलावली, पण आवडलं नाही. मला माझ्या माणसाला द्यायची होती. दुसऱ्याच्या पोटात माझं काय काम?

२५ जाने.
मॅडमनी वर्तुळ जुळवलं. मला कळेना, म्हणून ऋताला पुण्याहून बोलावलं. लेकीचं काम पार्सलच्या गाड्यांचे रस्ते आखायचं. "आई, ही ग्राफ थिअरी. मी रोज हेच करते." टेबलावर तीन वाट्या मांडल्या. एक वाटी म्हणजे एक घर: एक आजारी, एक देणारा. चमचा म्हणजे बाण, कुणाची कुणाला चालते तो. आमचा चमचा पिंपळगावच्या वाटीकडे, पिंपळगावचा ओझरकडे, ओझरचा परत आमच्याकडे. सगळी ऑपरेशनं एकाच दिवशी. एक जण हटला की तिन्ही घरांचं बोंबललं.
हे म्हणाले, "एवढं शिकून पोरीनं शेवटी भातुकलीच मांडली." पण नंतर एकटेच टेबलाशी बसून चमचे फिरवून बघत होते.

२ फेब्रु.
तिन्ही घरं हॉस्पिटलात भेटलो. पिंपळगावच्या सिंधूबाई माझ्याच वयाच्या. मुलगा संतोष, द्राक्षांच्या पॅकहाउसात होता, आता काम सुटलंय. जेमतेम तिशीचा. माझी त्याला द्यायची. ओझरचं जोडपं अबोल. बायको आजारी, त्यांना सिं.बाईंची; आणि त्या भाऊंची ह्यांना.
संतोष माझ्या पाया पडायला वाकला. खांद्याला धरून उठवलं, तर हाताला नुसती हाडं. परक्याचं पोट वगैरे जे काही मनात होतं, ते तिथेच…

१६ फेब्रु.
सिं.बाईंनी पिंपळगावला बोलावून माझं केळवण केलं! मी म्हटलं, "अहो, ह्या वयात?" तर, "लग्नाआधी करत्यात ना? मंग ऑपरेशनआधी का नाय?" ओटी भरली. संतोषला नि ह्यांना मीठ बेतानं, म्हणून अख्ख्या पंगतीला अळणी. ओझरचे भाऊ चेहरा न हलवता पुन्हा भाजी मागून घेत होते. मला हसू आवरेना, ह्यांनी चिमटा काढला.
निघताना सिं.बाई कानाशी येऊन, "ताई, आता लय जपायचं सवताला." फार बरं वाटलं. सगळे मला ह्यांना जपायला सांगतात.

३ मार्च
ओझरच्या भाऊंना कावीळ. देणारेच आजारी. बरे झाले तरी काही महिने थांबायचं, मग पुन्हा सगळ्या तपासण्या. हे डाय.हून आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. चेष्टा नाही, काही नाही. भीती वाटते.

९ मार्च
मॅडमचा फोन! सटाण्याचे बहीण-भाऊ नव्यानं नोंदलेत. बहिणीची ह्यांना चालते, माझी भावाला. दोनच घरांचं वर्तुळ, लगेच होऊ शकतं. देवापुढे साखर ठेवली. ठेवता ठेवता संतोष आठवला. माझी सटाण्याला गेली, तर त्याला कुणाची?
ऋताला म्हटलं, सिं.बाईंना ह्यात कुठेतरी बसव. तिनं सगळं उलटंपालटं करून पाहिलं. त्यांचा बाण सटाण्याकडे जातच नाही. मॅडमही तेच म्हणाल्या. "आई, गणितात एवढंच निघतंय," म्हणाली आणि फोनवरच रडायला लागली.

१० मार्च
हे ऐकेनात. "मी थांबतो. भाऊ बरे होतील. पोरगा तिशीचा आहे अगं."
"आणि मी?"
केवढ्यानं ओरडले मी! शेजारचा टीव्ही बंद झाला. थांबायला अंगात काही उरलंय का ह्यांच्या? भांडावं तर अशा भल्या माणसाशी भांडायचं तरी कसं! संध्याकाळी माझ्यापुढे चहा आणून ठेवला. साखर घालायची विसरले होते. मी तसाच प्याले.

१२ मार्च
सकाळी सिं.बाईंचा फोन. मॅडमनी त्यांना सटाण्याचं सांगितलंय.
"ताई, तुमी घ्या उरकून. दादांच्यानं थांबवायचं नाय. आमचं बघू, जुळंल कोनी. संतोषच म्हनला, काकूला फोन कर, त्या लाजत असतीन."
तिनंच इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.
तिनं शिव्या घातल्या असत्या, तर मी हो म्हणून मोकळी झाले असते.
अकरा वाजता मॅडमना उत्तर द्यायचंय. हे शेजारी येऊन बसलेत. विचारत काहीच नाहीत, नुसता माझा हात धरलाय. उजवाच धरलाय, लिहिता येत नाही नीट.