बर्फ जाऊन येतो

ती. आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दादाचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं. ‘प्रवास फार लांबचा, उगाच दगदग करून येऊ नकोस,’ असं लिहिलंस. किती गं काळजी माझी!

मी मजेत आहे. विमानात चढणारं खाणंपिणं मी कामाला आहे त्याच स्वयंपाकघरातून जातं. आपल्या शहराला जाणाऱ्या विमानात बर्फाची पेटी मी भरते. सकाळी गेलेलं ते विमान तिथे टेकतं आणि दुपारी परत येतं. पेटी मीच रिकामी करते, तर तळाशी अजून बर्फ शिल्लक असतो. जायला जेमतेम तीन तास लागतात, आई. बर्फसुद्धा न वितळता जाऊन येतो.

नवरा सोडलेली लेक नव्या सोयऱ्यांपुढे नको, असं सरळ लिहायचंस. मी काय दारात ठाण मांडून बसणार होते?

तुझे गुडघे कसे आहेत? जिना जपून उतरत जा. आणि पडलीबिडलीस, तर मला बोलवायच्या भानगडीत पडू नकोस, असं दादाला आत्ताच सांगून ठेव. तूच म्हणतेस ना, प्रवास फार लांबचा आहे.

तुझीच,
धाकटी