एका डोक्याला तीन जणी

॥ श्री ॥
बरखेडा, भोपाळ
४ जानेवारी १९९०

ती. सौ. ताईस,
सुधाचा सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लॅस्टर आमच्या मीनाच्या लग्नाच्या आधी निघणार नाही हे वाचून फार वाईट वाटलं. पाय तुझा मोडला, पण हात माझा गेला. आता लग्नात माझ्या बाजूने भांडायला कोणी नाही.

पत्रास कारण की, मीनाचे केस. न्यू मार्केटातली पार्लरवाली नवरीचे केस बांधायचे अकराशे रुपये मागते. शिवाय तिला गाडीने आणायचं, गाडीने पोचवायचं, आणि मधे काहीतरी थंड पाजायचं. मी तिला म्हटलं, की बाई, मंडपवाला दोनशे माणसांच्या डोक्यांवर छप्पर घालतो आणि तोही इतकं तोंड उघडत नाही. तर तिने मला शांतपणे समजावलं, की मंडप सोडून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे लावता येतो, केस लावता येत नाहीत. पैशांपेक्षा राग त्याचा जास्त आहे.

ह्यांचा जन्म कारखान्याच्या परचेस विभागात गेला. तीन कोटेशनं आल्याशिवाय आमच्याकडे झाडूसुद्धा येत नाही. ह्यांनी तीन ठिकाणी दर मागवले. सगळ्यांत कमी दर बिट्टन मार्केटातल्या एकाचा निघाला, म्हणून ह्यांनी त्याच्या नावापुढे लाल खूण केली. मी जाऊन बघून आले. तो दाढ्या करतो. नवरीचं काम आजवर केलं नाही, पण करून बघायला हरकत नाही, असं म्हणाला.

खरी गंमत पुढेच आहे. हे अकराशे वाचवायला शेजारच्या क्वार्टरात शशिकला बसलेली आहे. तुला आठवत असेल, ग्वाल्हेरची, मोठ्या आवाजाची. आमच्या लाइनीतली एकही मुलगी तिच्या हातचा खोपा घातल्याशिवाय बोहल्यावर चढलेली नाही. घेत काही नाही, फक्त एक नारळ आणि सगळ्यांचं लक्ष. तिला डावलणं म्हणजे लाइनीत राहून नळाशी वैर. पण मीना अडून बसली आहे, पार्लरवालीच हवी. कारण विचारलं तर म्हणते, आजकाल असंच करतात. आजकाल ती रविवारी डोक्याला तेलही लावून घेत नाही माझ्याकडून. शाळेत शिकवायला लागल्यापासून स्वतःचं डोकं स्वतः सांभाळते म्हणे. मग मी इतकी वर्षं काय सांभाळलं?

तुला काही सुचलं तर कळव. पायाला जप, आणि माझ्यावरची माया त्या प्लॅस्टरइतकी घट्ट राहू दे.

तुझी,
सुधा


पुणे
११ जानेवारी १९९०

चि. सौ. सुधास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की पाय दुखला. तुझ्या सदाशिवरावांना सांग, त्या दाढीवाल्याला सोडू नका, नवरदेवाच्या कामाला येईल.

तुझ्या लग्नात तुझे केस मीच बांधले होते आणि अंतरपाट दूर व्हायच्या आत सुटलेही होते. संसार मात्र टिकला. तेव्हा खोप्यावर फार काही अवलंबून नसतं. पण मीना हट्टी मुलगी नाही. दहावीत तिला घड्याळ हवं होतं तेही तिने तोंडाने मागितलं नव्हतं. ती एवढी अडते म्हणजे त्यामागे काहीतरी आहे. तू तिच्या मागे लागू नकोस. मी तिला शाळेच्या पत्त्यावर लिहिते.

घरातल्या सर्वांस यथायोग्य. रागावलीस तरी लिहीत जा, तुझी रागाची पत्रंच वाचनीय असतात.

तुझी,
ताई


शाळा, पिपलानी, भोपाळ
१९ जानेवारी १९९०

ती. सौ. मावशीस,
मीनाचा सा. न.

तू विचारलंस म्हणून सांगते. आईला सांगू नकोस, आधी शपथ घे आणि मग पुढे वाच.

दिवाळीनंतर माझ्या उजव्या कानाच्या मागे चाई पडली, तिथले केसच गेले. आधी टिकलीएवढी होती, आता पेढ्याएवढी आहे. शाळा सुटल्यावर इथल्याच शिवाजी नगरच्या डॉक्टरांना एकटीच दाखवून आले. ते म्हणाले, काळजीचं कारण नाही, हळूहळू भरेल, वर्ष लागेल. वर्ष! लग्न पुढच्या महिन्यात आहे. वेणी सैल घातली की झाकतं. खोपा घालायचा तर वर ओढून विंचरायला लागतं आणि सगळं उघडं पडतं.

रवींद्रला मी सांगितलंय. तलावावर भेटलो तेव्हाच सांगितलं, फसवून लग्न करायचं नव्हतं. तो म्हणाला, त्याचे पुढून चाललेत आणि माझे मागून, दोघांत मिळून एक डोकं भरेल. पण त्याच्या आईला आत्ता कळू देऊ नकोस, असं त्यानेच बजावलं. कमलबाईंनी त्याच्यासाठी आधी बघितलेलं स्थळ मुलीच्या कोपरावरच्या डागावरून मोडलं होतं. तो डाग इस्त्रीने भाजल्याचा होता. इंदूरला परत गेल्यावर त्यांना हे कळलंसुद्धा, तरी शब्द फिरवला नाही.

शशिकलाकाकू वाईट नाहीत गं. पण त्या केस विंचरताना बोलतात, आणि जे हाताला लागतं तेच बोलतात. गेल्या वर्षीच्या नवरीच्या डोक्यातला कोंडा संध्याकाळपर्यंत ए टाइपपासून डी टाइपपर्यंत सगळ्या क्वार्टरांत पोचला होता. पार्लरवालीचं तसं नाही. ती कुणाला ओळखत नाही, तिला कुणी ओळखत नाही. अकराशे रुपये केसांचे नाहीत मावशी, गप्प राहण्याचे आहेत. ते मी माझ्या पगारातून देणार आहे.

आणि आईचं तर तुला माहीत आहे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. काळजीनेच चार जणींना औषध विचारत फिरेल.

तुझ्या पायाला माझी फुंकर, आणि मला आशीर्वाद, शक्यतो दाट.

तुझी,
मीना


बरखेडा, भोपाळ
३० जानेवारी १९९०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी एक चूक केली आहे आणि ती आता इंदूरहून बसने येणार आहे.

झालं असं. मीनाच्या हट्टापुढे शेवटी न्यू मार्केटवालीच ठरवली. शशिकला गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आली आणि खोप्याला पहाटे किती वाजता येऊ असं विचारू लागली. वऱ्हाडासाठी लाइनीतल्या सगळ्यांकडून खोल्या तिनेच मिळवल्यात. ओट्यावर खाटांची रांग लागली आहे, प्रत्येकीच्या पायावर ज्याच्या-त्याच्या क्वार्टरचा नंबर ऑइलपेंटने रंगवलेला. त्या खाटांकडे बघत तिला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हणून मी सांगून टाकलं, की आम्हाला कुठली हौस, मुलाकडच्यांचाच आग्रह आहे पार्लरवालीचा. विहिणीवर ढकललं की सगळं खपतं, असा माझा समज होता. शशिकलानेही मान हलवली. म्हणाली, मुलाकडचे लोक आहेत, त्यांचा मान ठेवायलाच लागतो, वहिनी तुम्ही टेन्शन नका घेऊ.

आता हे कुणाला माहीत, की तिची भाची इंदुरात विहिणीच्या समोरच्या घरात राहते. शशिकलाने भाचीला कळवलं, भाचीने विहीणबाईंचं कौतुक केलं, की वा, तुम्ही किती पुढारलेल्या. आता कमलबाईंच्या मनात पार्लर कधी आलंही नसेल. पण मागासलेलं दिसायला त्यांना नको. काल त्यांचं पत्र आलं. लिहितात, की होय, आमच्या घराण्यात तशी पद्धतच आहे, आमची नेहमीची पार्लरवाली शोभा वऱ्हाडाबरोबर येईल, तुम्ही खर्चात पडू नका, फक्त तिच्या झोपायची सोय बघा.

न्यू मार्केटवालीने आगाऊ पैसे घेतलेत आणि परत देत नाही. ह्यांचं म्हणणं, एकदा ऑर्डर दिली की माल घ्यायलाच हवा. म्हणजे डोकं एक, आणि बांधणाऱ्या दोन.

अजून संपलं नाही. खोल्या सगळ्या भरल्या आहेत. एकच खाट शिल्लक, तीही शशिकलाच्या घरात. म्हणजे जिने शशिकलाची जागा घेतली तिला झोपवायला मी शशिकलाच्याच दारात गेले. ती हसली. ताई, चिडली असती तर बरं झालं असतं.

आणि मीना! विहिणीचं पत्र वाचलं आणि जेवणच टाकलं तिने. जिला पार्लरवाली हवी होती तिला दोन मिळाल्या तर रडू का यावं? मी विचारून थकले. या घरात मला कोणी काही सांगत नाही, फक्त पैसे विचारतात.

तुझ्या लोभाची यावेळी खरंच गरज आहे, थोडा आगाऊच पाठव.

तुझी,
सुधा


पुणे
६ फेब्रुवारी १९९०

चि. मीनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं रडकं पत्र आणि तुझ्या आईचं चिडकं पत्र एकाच टपालाने आली. दोन्ही समोर ठेवून विचार केला.

शोभाच्या हाती तू डोकं दिलंस तर ते कमलबाईंच्या मांडीवर दिल्यासारखं आहे. ती मंगलाष्टकांच्या आधी जाऊन सांगेल. न्यू मार्केटवाली तिला बाजूला सारू शकणार नाही. विहिणीच्या माणसाला बाहेर काढायची ताकद तुमच्या लाइनीत एकाच बाईत आहे, आणि तिलाच तू घाबरतेस.

शशिकलाकडे जा. आईला न सांगता, एकटी जा, वेणी सोड आणि दाखव. तोंडाने काही समजावत बसू नकोस. माझा अनुभव असा, की बोलक्या बायकांना कोणी कधी गुपित देतच नाही. त्यांना सगळं स्वतः शोधावं लागतं, म्हणून मग त्या वाटत सुटतात. तू तिला देऊन बघ. चुकले तर शिव्या द्यायला माझा पत्ता तुझ्याकडे आहेच.

पायामुळे अक्षता टाकायला येता येत नाही, त्या इथूनच टाकते.

तुझी,
मावशी


बरखेडा, भोपाळ
२६ फेब्रुवारी १९९०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्न झालं. मीना इंदूरला गेली. घर इतकं रिकामं आहे की मी ह्यांच्याशीसुद्धा बोलते. आता ऐक, मला कसं वेड्यात काढलं ते.

लग्नाच्या सकाळी पुढच्या खोलीत दोघी पार्लरवाल्या समोरासमोर बसलेल्या, मांडीवर आपापली पेटी. एकमेकींच्या पिनांकडे अशा बघत होत्या जशा विहिणी एकमेकींच्या पाटल्यांकडे बघतात. आणि नवरीचा पत्ता नाही. शोधलं तर शशिकलाच्या मधल्या खोलीत, आतून कडी. मी दार बडवलं. शशिकलाने आतूनच हुकूम सोडला, की आमच्या लाइनीची रीत आहे, लग्नघरात पहिला मान वरमाईच्या केसांचा, तेव्हा शोभाला विहीणबाईंकडे पाठवा, आणि न्यू मार्केटवालीपुढे तुम्ही बसा, नवरी मी बघते. अठरा वर्षं मी या लाइनीत राहते, ही रीत मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. पण विहीणबाई इतक्या खूष झाल्या की नवरीला विसरून आरशासमोर जाऊन बसल्या.

मी बसले. ते अकराशे माझ्या डोक्यावर खर्च झाले, ताई. तिने माझ्या केसांचा असा काही मनोरा रचला की मंगलाष्टकांच्या अक्षता त्यात अडकल्या आणि दुसऱ्या दिवशी विंचरताना निघाल्या. फोटोत मी आहे की देवळाचा कळस, हे ह्यांनी मला विचारलं. ते पैसे मीनाने मला आधीच पाकिटात घालून दिले होते, तेही का ते मला कळलेलं नाही.

तासाभराने शशिकला बाहेर आली. पाठोपाठ मीना, केवढा सुंदर खोपा, मानेवर किंचित उतरता, कानांवरून मोगऱ्याचे गजरे सोडलेले. शशिकलाने अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की काय केस आहेत मुलीचे, मुठीत मावेनात, माझी शिसवी फणी मोडली. संध्याकाळपर्यंत ती मोडकी फणी पिपलानीपर्यंत पोचली. पंगतीत विहीणबाईंनी स्वतः मला तेल कुठलं असं विचारलं. मी माका, जास्वंद आणि आजीचं गुपित असं काहीतरी ठोकून दिलं. आता इंदूरला दर महिन्याला एक बाटली पाठवायची आहे, आणि आजीने आयुष्यात खोबरेलाशिवाय काही लावलेलं नव्हतं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण काल खाटा परत करायला शशिकलाकडे गेले तर तीच शिसवी फणी आरशाखाली होती. धडधाकट, एक दात गेलेला नाही. मी विचारलं, ही तर मोडली होती ना. तर तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बिट्टन मार्केटात गोभी फार स्वस्त झाली आहे. ताई, ती बाई आणि विषय बदलते! जिने आयुष्यात हातातला विषय कधी खाली ठेवला नाही. तिला माझ्या मुलीबद्दल काहीतरी माहीत आहे जे मला माहीत नाही. आणि तुलाही माहीत आहे, कारण तू या महिन्यात मला एकदाही चिडवलं नाहीस.

मी तिची आई आहे. मला कोणीतरी सांगा. तोवर लोभाबद्दल काही लिहीत नाही, तो कोणाचा किती आहे हे आधी बघू.

सुधा


पुणे
४ मार्च १९९०

चि. सौ. सुधास,
अनेक आशीर्वाद.

फणी मोडली असं शशिकला म्हणते ना, मग मोडली. तूही तसंच म्हणत जा. तेलाची बाटलीही बिनचूक पाठव, खोबरेलच भर. इंदूरच्या कोणाचं त्याने बिघडणार नाही.

मला माहीत होतं, हे खरं. मला शपथ घातली होती. ती मी आजही मोडत नाही, तेव्हा एवढंच ऐक. पोरीने लपवलं ते तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. तू दुखावली जाशील आणि लग्नघरात तू दुखावलेली दिसशील, म्हणून. तुझ्या चेहऱ्यावर कधी काही झाकलेलं राहिलं आहे का?

मीना गुढीपाडव्याला माहेरी येईल. पहिल्या रविवारी तिला पाटावर बसव, खोबरेल कोमट कर, आणि पूर्वीसारखं तिच्या डोक्याला तेल लाव. आधी दार लावून घे. उजव्या कानाच्या मागे हात जरा हलका ठेव. काही विचारू नकोस, ती आपण होऊन सांगेल. आणि मग तिथे जे दिसेल, ते मला पत्रातही लिहू नकोस.

तुझी,
ताई